नववी ब, शब्दार्थ

फळ्यावर लिहिलं: स्कँटी.
विशेषण. ट वर अडखळू नका.
अर्थ: अपुरा, तोकडा, तुटपुं
आणि खडू संपला.
ही कोटी नाही. औशाच्या आमच्या शाळेत जुलैनंतर
खडूचा डबा हेडसरांच्या कपाटात असतो
आणि कपाटाची किल्ली लातूरला,
हेडसरांसोबत जाऊन-येऊन.

मी तासिका तत्त्वावर.
ज्या तासाला उभा, त्या तासाचा.
दिवाळीच्या सुट्टीत मी कुणाचाच नसतो.
उदाहरण म्हणून स्वतःलाच पुढं केलं असतं,
पण व्याकरण आडवं आलं:
हे विशेषण माणसाला लावत नाहीत.
पाऊस स्कँटी असतो, पुरावा असतो,
कपडे, माहिती, टाळूवरचे केस.
माणूस नाही.
माणूस उणा पडतो, थिटा पडतो,
ते आपल्यात.

मग सांगत बसलो, धड्यात नव्हतं तरी.
कापड तोकडं. पगार तुटपुंजा.
फळीपर्यंत पोचला नाही तर हात थिटा.
मीठ कमी पडलं तर भाजीला अळणी म्हणतात,
मिठाला कुणी काही म्हणत नाही.
इंग्रजाला एवढं लागत नसावं.
(त्यांच्याकडेही आहेत चारपाच शब्द,
पण ते दहावीला.)

वाक्यात उपयोग करा.
तेहतीस वह्या.
अठ्ठावीस जणांचा पाऊस स्कँटी,
गाईडातला, एकाच ढगातून पडलेला.
व्यंकट टेळेचे हेअर स्कँटी,
शेजारी बाण काढून माझं डोकं.
तिघांनी नुसती तारीख टाकलेली.
आणि तस्लीम शेख:
द क्लॉथ वॉज स्कँटी बट माय फादर
पुढं रिकामी रेघ.

वही परत देताना विचारलं, वाक्य का सोडलंस?
म्हणाली, सर, 'भागिवलं'ला काय म्हणतेत?

गणवेशाचं कापड आलं होतं जूनमध्ये,
निळं, पातळ, पन्हा कमी.
माप पाचवीचं, पोरं नववीची.
किल्ल्याकडच्या गल्लीत तिच्या अब्बांचं मशीन.
मीच नेऊन टाकला होता गठ्ठा, म्हणालो होतो,
बघा काही जमतंय का.
त्यांनी टेप गळ्यातच ठेवला,
कापड हातावर घेऊन नुसतं तोललं,
मिठाईवाला पेढा तोलतो तसं.

आठवड्यानं तेहतीस शर्ट.
कॉलर आतून पांढरी, कसल्याशा पिशवीची.
खिशाचा तळ जुन्या चादरीचा,
हात घातला की फुलं लागायची बोटांना.
काखेत कळी.
आणि बाहीला, खालच्या घेराला, बोटभर दुमड.
मी म्हणालो, अहो, कापड नव्हतं ना?
तर म्हणाले,
लेकरं आहेत, वाढणारच की.

मॅनेज, मी म्हणालो तस्लीमला. ही मॅनेज्ड.
ती म्हणाली,
मॅनेज तर हेडसर पण करतेत.
वर्ग हसला. मीही, जरा उशिरा.

घरी दोन कोश चाळले, एकाचं बाइंडिंग सुटलेलं.
कमी असण्याचे शब्द पानभर.
पुरेसं असण्याचे थोडे.
कमी असलेल्याला पुरतं करणारं,
आणि वर बोटभर उरवणारं क्रियापद
त्यांच्याकडं असेलही,
मला सापडलं नाही.
माझं इंग्रजीही तासिका तत्त्वावरचं.

अपूर्ण वाक्याला गुण नसतात.
लाल पेन रेघेपाशी नेलं, परत आणलं.
अर्धा दिला.

दुसऱ्या दिवशी व्यंकट खिडकी लावायला उठला,
हात वर गेला तेव्हा दिसलं:
बाहीची दुमड उसवलेली,
खाली गडद निळी पट्टी, न विटलेली,
आणि तिच्याही पुढं मनगट.
ऑगस्टची चौदा तारीख होती.